सलगम खाऊन रडलेली मुलगी

ते ऐकलं तेव्हा मिहोको एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या चष्म्याची काडी गरम हवेवर धरून वळवत होती. काडी मऊ झाली की अंगठ्यानं अगदी थोडा दाब द्यायचा, कानामागे बसेल एवढाच. इतक्या वर्षांत हे तिच्या हाताला डोक्याला न विचारता जमायला लागलं होतं. मागच्या टेबलाशी बसलेला कुसुनोकी, दुकानातला तिचा तरुण सहकारी, फोन बघता बघता म्हणाला की अखेर 'चूल' येतेय, डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, स्ट्रीमिंगवर, सगळे जुने भाग, काहीही न कापता. त्यावर तिला काहीच झालं नाही. पण खुर्चीत बसलेले आजोबा, चष्म्याविना डोळे बारीक करून, धड कुणाकडेही न बघता म्हणाले, "म्हणजे ती सलगम खाऊन रडलेली पोरगीपण दिसेल का हो?" आणि काडी तुटली. फार आवाज झाला नाही. दोन तुकडे तिच्या दोन हातांत राहिले आणि ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग कमरेत वाकून तिनं माफी मागितली, नवी काडी दुकानाच्या खर्चानं बसवून देते म्हणाली. आजोबा म्हणाले, असू दे, काडीच ती. आणि कुसुनोकीकडे वळून सांगायला लागले की त्या रात्री त्यांची बायकोसुद्धा टीव्हीसमोर रडली होती, उगीचच, त्या पोरीचं बघून.

त्या दिवसापासून दुकानात दुसरा विषय उरला नाही. 'चूल' लागायची तेव्हा कुसुनोकी पाळण्यात असेल. त्याला तो कार्यक्रम माहीत होता तो काकाच्या घासून गेलेल्या कॅसेटींवरून आणि कुणी कुणी इंटरनेटवर टाकलेल्या फाटक्या तुकड्यांवरून, ज्यांत अर्धं चित्र मुंग्यांनी भरलेलं असे. तरी त्याला सामने पाठ होते. एक ठरलेला अजिंक्य आचारी, त्याला आव्हान द्यायला आलेला दुसरा, मध्ये झाकलेली टोपली, टोपलीत त्या दिवशीचा एकच जिन्नस, आणि मग आरडाओरडा, जाळ, वाफ. शेवटी पाहुणे चाखणार आणि निकाल देणार. त्याच्यासारखे पुष्कळ होते. फोनवरच्या त्यांच्या गटात ते कुठला भाग आधी बघायचा यावरून भांडत, निवेदकाच्या जुन्या आरोळ्या एकमेकांना पाठवत, आणि फिरून फिरून सगळे त्या एका भागाशी येत. क्योतोचा हिराओ नावाचा कुणाला ठाऊक नसलेला आचारी, टोपलीत पांढरे सलगम, आणि चाखायला आलेली अठरा वर्षांची गायिका, नागिसा. तिनं हिराओचा घास तोंडात घातला आणि ती रडायला लागली. रडत रडत वाडगा संपवला, रस्सा प्यायली. अजिंक्य हरला. "अन्नात एवढी ताकद असते, इवामुरो-सान," कुसुनोकी डबा खाता खाता म्हणायचा. मिहोको मान हलवायची. नागिसा हे नाव तिनं स्वतः घेतलं नव्हतं, गाण्याच्या कंपनीनं दिलं होतं, आणि ते सुटलं तेव्हा शोधलंही नव्हतं. नंतर चेहरा भरला, केस आखूड झाले, चष्मा आला, लग्नानं आडनाव बदललं. नवऱ्याला, कात्सुनोरीला, एवढं ठाऊक होतं की ती तरुणपणी थोडे दिवस तोक्योत गायला गेली होती आणि जमलं नाही म्हणून परत आली. त्यानं पुढं विचारलं नाही. तो टाइल्सच्या कारखान्यात होता आणि माणसांनाही तो तसाच हाताळायचा, तडा दिसला की तो न चाचपता बाजूला ठेवून द्यायचा.

तिला लाज वाटत होती असं नव्हे. पहिले काही दिवस तिलाही वाटलं की ही लाजच आहे. दुकान बंद करून ओझोने भागातल्या बाजाराच्या छताखालून चालताना, भाजलेल्या रताळ्यांच्या गाडीपाशी, औषधांच्या दुकानातल्या झगझगाटात, ती स्वतःला विचारायची की बघितलं कुणी, ओळखलं कुणी, तर बिघडणार काय. काही नाही. कुसुनोकी आरडाओरडा करेल, सही मागेल, आठ दिवसांत विसरेल. मग छातीत हे काय बसलंय. ते तिला कळलं एका संध्याकाळी, जेवताना, मुलीच्या, सायोच्या, वाडग्याकडे बघताना. सायो सतराची. वाडग्यातला भात तिनं कडेकडेनं असा पसरला होता की मध्ये खड्डा पडून तो खाल्ल्यासारखा दिसावा. माशाची कातडी पानाखाली. सूप ओठाला लावलेलं, पातळी तीच. मिहोकोला हे सगळं माहीत होतं. उन्हाळ्यापासून ती बघत होती, आणि तिच्या बघण्यात एक भयंकर गोष्ट होती, ती म्हणजे परीक्षकाची नजर. ही युक्ती कच्ची आहे, ही चांगली जमलीय, असं तिच्या आत कुणीतरी म्हणत असायचं. कात्सुनोरी म्हणाला, प्रवेशपरीक्षा आहेत, या वयात असंच असतं, परीक्षा झाल्या की खाईल. एकदा मिहोको म्हणाली, अजून थोडं घे. सायो म्हणाली, मैत्रिणीकडे खाल्लं. तिच्या आवाजात खोटेपणाचा मागमूस नव्हता, जसा तोक्योत असताना मिहोकोच्याही आवाजात नसायचा. पुढचा प्रश्न विचारायचा तर 'तुला कसं कळलं' याचं उत्तर द्यावं लागलं असतं. आणि आता ती मुलगी येणार होती, रविवारी, घरातल्या टीव्हीवर, मुलीच्या हातातल्या फोनवर. मोठे डोळे, हनुवटीची ती रेघ, पांढऱ्या पोशाखातून वर आलेली मान. सायो तिला बघेल. ती ओळखेल, याची भीती नव्हती. ती मुलगी सायोला सुंदर वाटेल, ही भीती होती.

भूक पोटात असते असं लोकांना वाटतं. पोटात ती फार थोडे दिवस असते. मग दातांत जाते, दात गार पडतात. मग नखांत, मग नाकात. तोक्योत कंपनीच्या तिघी गाणाऱ्या मुली, तिच्यासकट, एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर राहत, आणि खाली कुणी भात लावला की झाकण कधी उचललं तेही मिहोकोला अंथरुणात कळायचं. लिफ्टमध्ये एखाद्याच्या पिशवीत पाव असला तर ती श्वास धरून उभी राही. कंपनीच्या ओकुदाबाई रोज सकाळी येत. वजनकाटा दाराजवळच असे. त्या कधी ओरडल्या नाहीत. काट्याकडे बघून नुसतं "अं" म्हणत, आणि त्या "अं"चे दोन प्रकार होते, आणि दिवस कसा जाणार ते त्यावर ठरायचं. वाफवलेला कोबी, कंदाची ती पारदर्शक वडी जिच्यात नुसतं पाणी असतं, आणि पाणी. दंडावर बारीक मऊ लव उगवली होती, पिलाच्या अंगावर असते तशी, आणि मिहोकोला तिचा अभिमान वाटायचा. शरीर आपलं ऐकतंय याची खूण म्हणून. 'चूल'ला जायचं होतं दुसऱ्याच मुलीला. ती चक्कर येऊन पडली म्हणून मिहोको गेली. ओकुदाबाईंनी गाडीत समजावलं की छोटा घास घ्यायचा, डोळे मोठे करायचे, छान म्हणायचं, आणि कॅमेरा वळला की रुमालात. दिव्यांचा उकाडा, तरी तिचे पाय गार. अजिंक्याचे पदार्थ आले, खेकडा भरलेला सलगम, बदकाबरोबर परतलेला, सोन्याचा वर्ख लावलेला. तिनं डोळे मोठे केले, छान म्हणाली, रुमाल जड होत गेला. मग हिराओचा वाडगा आला. साधा. पांढरा तुकडा, खाली पान, भोवती रस्सा. तिनं तो जिभेवर ठेवला आणि चावायच्या आधीच तो विरला. तिनं तो गिळला नाही; घशानं तो ओढून घेतला. गरम काहीतरी छातीतून खाली उतरत गेलं आणि ते कुठवर गेलं ते तिला अगदी नीट कळत होतं, अंधाऱ्या घरात कुणी दिवा घेऊन जिना उतरावा तसं. आणि डोळ्यांतून पाणी. तेव्हा तिला ना आई आठवली, ना गाव. दुःख नाही, आनंद नाही. पाणी नुसतं येत होतं आणि तिचे हात वाडगा सोडत नव्हते.

नंतर कंपनीनं सांगितलं की तिला आजीची आठवण झाली होती. तिनंही मुलाखतींतून तेच सांगितलं, इतक्या वेळा की पुढे आजी आठवली की आधी तो वाडगा दिसायचा. मग तिला सगळीकडे रडायला बोलावू लागले. सुशी, केक, नूडल्स. ती घास घेई आणि लोक वाट बघत. पाणी आलं नाही. हिवाळा संपता संपता ती एका दुकानाच्या उद्घाटनाला मंचावर कोसळली, इस्पितळात गेली, तिथून ओवासेला, गावी. त्यानंतर सलगम तिनं घरात आणला नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, उग्र लागतो.

रविवारच्या आधीच्या आठवड्यात कुसुनोकी तिच्या टेबलाशी आला आणि नेहमीपेक्षा अदबीनं उभा राहिला. त्यांच्या गटानं ठरवलं होतं की तो भाग बघायचा तो हिराओंच्याच खानावळीत, क्योतोला, दुपारी. दुकान त्यांच्यासाठी बंद राहणार होतं, हिराओ स्वतः येऊन बसणार होते. एकीचा पाय मुरगळला. जागा रिकामी होती. "तुम्ही बाहेर कधी जेवतच नाही, इवामुरो-सान," तो म्हणाला. "एकदा चला. आयुष्यभर लक्षात राहील." ती नाही म्हणायला तोंड उघडून बसली होती आणि हो म्हणाली. का म्हणाली ते तिला त्या वेळी सांगता आलं नसतं. घरात बसून, शेजारच्या खोलीत सायोच्या फोनमधून त्या निवेदकाचा आवाज कधी येतो याची वाट बघण्यापेक्षा, अनोळखी माणसांत बसून तो ऐकणं सोपं वाटलं असेल. की तो वाडगा खरा होता का हे बघायचं होतं.

गाडीत ते सगळे शाळेच्या सहलीला निघाल्यासारखे होते. बेस्शो नावाची एक जाडजूड, हसरी बाई होती, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेली. ती कुसुनोकीला सारखी टोचत होती. "हा बघा आमचा अभ्यासक. तेव्हा दुपटं ओलं करत होता आणि आता आम्हाला शिकवतो." कुसुनोकी म्हणाला की जे तेव्हा जागे होते त्यांनाच काही आठवत नाही. मग अपेक्षेप्रमाणे विषय निघाला, ती मुलगी का रडली. एकाचं मत होतं की सरळसरळ नाटक, कंपनीनं शिकवलेलं. बेस्शोबाईंचं पक्कं मत की प्रेमभंग, "त्या वयात वाफसुद्धा डोळ्यात गेली तरी तो मेला आठवतो." कुसुनोकी चिडला. म्हणाला, चव. नुसती चव. माणूस चवीनं रडू शकतो हे तुम्हाला कुणाला मान्यच करायचं नाहीये. मग त्यांनी मिहोकोला विचारलं, तुम्हाला काय वाटतं. ती खिडकीबाहेर बघत होती. उघडी शेतं, मध्येच एखाद्या घरामागे वाळत घातलेले मुळे. ती म्हणाली की तिनं तो भाग कधी पाहिलेलाच नाही. हे खरं होतं. सगळ्यांनी तिच्याकडे हेव्यानं पाहिलं.

खानावळ गल्लीच्या आत, अरुंद, खोल. जेवायच्या लांब फळीपलीकडे हिराओंचा मुलगा, तोही आता पन्नाशीतला, मान खाली घालून काम करत होता. आणि टोकाला, भिंतीला टेकून, म्हातारे हिराओ. त्या रात्री त्यांचा चेहरा घामानं चकाकत होता एवढंच तिला आठवत होतं. आता तिथं कोरडी, सुरकुतलेली, सावध मुद्रा होती. भिंतीवर चित्राचा पडदा लावला होता. सुरुवातीचा ढोल वाजला तेव्हा ही सगळी मोठी माणसं एका सुरात ओरडली, आणि मग हळूहळू गप्प होत गेली. चित्र आता स्वच्छ होतं, मुंग्या नाहीत, धुतल्यासारखं. मिहोकोनं तयारी केली होती की त्या मुलीचा चेहरा बघायचा नाही, पण ती चेहऱ्याकडे बघत नव्हतीच. ती मनगटं बघत होती. वाडग्याभोवतीची दोन मनगटं, त्यांवरची दोन हाडं, उकरून वर काढल्यासारखी. गळ्याखालचे खड्डे, ज्यांत दिव्यांची सावली पडली होती. बोटांची टोकं निळसर. स्वच्छ चित्रात सगळं दिसत होतं. तिला वाटलं, आता कुणीतरी म्हणेल. आता बेस्शोबाई म्हणतील, अगं बाई, या पोरीला झालंय काय. तिनं बाजूला बघितलं. बेस्शोबाई डोळे पुसत होत्या. कुसुनोकी ओठ हलवत निवेदकाबरोबर बोलत होता. एवढी माणसं, इतकी वर्षं, पुन्हा पुन्हा बघत आली होती, आणि कुणालाच ती मुलगी दिसली नव्हती. तिनं कोट अंगावर ओढला.

मग वाडगे आले. तिनं खाल्लं. सलगमच होता, चांगला शिजलेला, गोडसर, किंचित कडवट. वर लिंबाच्या जातीच्या फळाची साल. ती दुसरा घास घेऊन थांबली, आत काही होतंय का याची वाट बघत. काही झालं नाही. भोवती सगळे उसासे टाकत होते. कुणीतरी म्हणालं की आता कळलं ती का रडली. तेव्हा हिराओ फळीला धरून उठले. मुलगा म्हणाला, बाबा, बसा. ते बसले नाहीत. म्हणाले की मी चौऱ्याऐंशीचा झालोय, तुम्ही सगळे एवढ्या लांबून आलात, आता हे पोटात घेऊन मरण्यात अर्थ नाही.

"त्या दिवशी मी मीठ घालायला विसरलो होतो," ते म्हणाले.

बेस्शोबाई हसल्या, गंमत समजून. मग त्यांचं हसू विरलं. हिराओ सांगत राहिले, कुणाकडे न बघता. निकालानंतर लोक गळ्यात पडत होते तेव्हा त्यांनी मागच्या पातेल्यातला रस्सा सहज चाखला. सपक. नुसतं पाणी आणि सलगम. रोजच्या गिऱ्हाइकासमोर ठेवला असता तर त्यांनी स्वतःच्या हातानं उचलून ओतला असता. मग ती पोरगी का रडली? ते वर्षभर विचार करत राहिले आणि एकच उत्तर निघालं, की तिला दया आली. समोर घामाघूम झालेला बाहेरगावचा माणूस, हरणार हे दिसतंय, पदार्थ फसलाय. कोवळ्या मनाची पोर, तिला बघवलं नाही. आणि बाकीच्यांनी तिच्या डोळ्यांवर मत दिलं. ही खानावळ, हा मान, मुलाचं शिक्षण, सगळं त्या दयेवर. त्यांनी नंतर तोच सलगम मीठ घालून केला, न घालता केला. लोक दोन्हीला वाहवा म्हणाले. "तेव्हापासून कुणी छान झालंय म्हटलं की माझा विश्वास बसत नाही," ते म्हणाले, आणि खाली बसले. मुलगा पाठ करून भांडी विसळत राहिला. हे त्यानंही पहिल्यांदाच ऐकलं असावं. कुसुनोकीचा चेहरा पडला होता. तो म्हणाला, तुम्ही थट्टा करताय ना. हिराओ म्हणाले, नाही रे बाबा.

निघताना सगळे गल्लीत दाराच्या कापडी पडद्यासमोर फोटो काढत उभे राहिले, पण जरा गुमान, प्रेताला खांदा देऊन आल्यासारखे. हिराओ निरोप द्यायला म्हणून उंबऱ्याच्या आतल्या बाकावर बसले होते. मिहोको बुटात पाय घालत होती. तिला वाटलं होतं आपण गप्प निघून जाऊ. तिनं एक बूट घातला, आणि दुसरा हातात धरून ती म्हणाली, "ती मुलगी मी."

त्यांनी वर बघितलं. तिनं चष्मा काढला.

"मला तुमची दया आली नव्हती," ती म्हणाली. "मी तुमच्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं. मला भूक लागली होती."

"भूक," हिराओ म्हणाले, तो शब्द ओळखीचा नसल्यासारखा.

मग तिनं सांगितलं. काटा, कोबी, रुमाल. फार वेळ लागला नाही. इतकी वर्षं न सांगितलेली गोष्ट एवढीशी निघाली याचं तिला नवल वाटलं. ते गुडघ्यावर हात ठेवून ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलं, मीठ नाही हे कळलंच नाही? ती म्हणाली, नाही, मला तर खारटच लागलं होतं. त्यांनी तिच्या डोळ्यांकडे बघितलं आणि एक विचित्र आवाज त्यांच्या घशातून निघाला, हसल्यासारखा, पण पुरा न झालेला. तिला वाटलं, आता यांचं ओझं उतरलं, आता मी जावं. पण त्यांचा चेहरा मोकळा झाला नव्हता. तो आणखी कुठेतरी गेला होता.

"मग नंतर?" ते म्हणाले. "त्यानंतर कुणी जेवायला घातलं तुम्हाला?"

हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. डॉक्टरांनी नाही, नवऱ्यानं नाही, तिनं स्वतःलाही नाही. दिवे विझले, गाडी आली, ओकुदाबाई खुश होत्या, खिडकीला कपाळ टेकून ती दुकानांच्या पाट्या वाचत होती. खोलीवर पाणी प्यायली. "नाही," ती म्हणाली.

"मागं पातेलं होतं," हिराओ म्हणाले. "भरलेलं. मी ते मोरीत ओतलं. सपक म्हणून." त्यांनी आपल्या तळहाताकडे बघितलं. "तुम्ही दहा हातांवर उभ्या होतात. मी तुमचं रडणं बघितलं, मनगटं नाही बघितली. मी आचारी, आणि समोरचं माणूस उपाशी आहे हे मला दिसलं नाही." त्यांनी माफी मागितली नाही, आणि ते बरं झालं, मागितली असती तर तिला असू दे म्हणावं लागलं असतं. बाहेरून बेस्शोबाई हाक मारत होत्या. मिहोकोनं दुसरा बूट घातला. ती वाकली, तेही बसल्या जागी वाकले.

परतीच्या गाडीत कुसुनोकी तिच्या शेजारी बसला. त्यानं विचारलं, तुम्ही त्यांच्याशी काय बोलत होतात. ती म्हणाली, मिठाबद्दल. तो म्हणाला की त्यानं आता तो भाग परत कसा बघायचा. ती म्हणाली, "नीट बघ." त्याला वाटलं ती समजूत घालतेय. तिच्या मनात हिराओंचा प्रश्न होता, पण तो आता त्यांच्या आवाजात नव्हता आणि तिला विचारलेलाही नव्हता. उन्हाळ्यापासून ती घरातल्या एका माणसाचा वाडगा बघत होती, पातळी बघत होती, युक्त्या बघत होती. तीही दहा हातांवरच उभी होती, भरलं पातेलं घेऊन.

घरी पोचली तेव्हा स्वयंपाकघरात दिवा होता. कात्सुनोरी मित्रांबरोबर मासे धरायला गेला होता तो आला नव्हता. सायो टेबलाशी एकटीच, फोन समोर उपडा. तिनं विचारलं नाही की आई, कुठे होतीस. ती म्हणाली की वर्गातल्या एकीनं 'चूल'चा तो भाग पाठवला, सगळ्या बघत होत्या, आणि मग तिनं स्वतः चित्र थांबवून, मोठं करून बघितलं. डाव्या कानाजवळचा तीळ. "ती तू आहेस," सायो म्हणाली.

"हो."

"किती सुंदर दिसत होतीस."

इतके दिवस जे ऐकायचं नव्हतं ते ऐकून झालं. मिहोकोनं कोट काढला नाही. ओट्याला टेकून तिनं दुसऱ्यांदा त्या दिवशी तेच सांगितलं, पण हिराओंना न सांगितलेलंही सांगितलं. की मूठभर केस यायचे हातात. की पाळी थांबली होती आणि तिला ते सोयीचं वाटायचं. की दंडावरची लव ती दिव्याखाली धरून बघायची. की भात कडेनं पसरला की खाल्ल्यासारखा दिसतो, हे तिला तेव्हा एका मुलीनं शिकवलं होतं. इथं सायोनं स्वेटरची बाही ओढून बोटांपर्यंत आणली. मिहोको थांबली. ती बाही तिला दिसली. बाहीच्या आतलं मनगट न बघताही दिसलं.

"मग परत जेवायला कशी लागलीस?" सायोनं विचारलं.

गोष्ट ऐकणाऱ्याचा तो आवाज नव्हता. अनोळखी गावात रस्ता विचारणाऱ्याचा होता, खालच्या मानेनं, उत्तर मिळालं तरी जाता येईल का याची खात्री नसलेला. मिहोकोनं खुर्ची ओढली, समोरची नाही, सायोच्या बाजूची, आणि ती कोटासकट तिच्यावर बसली.

"एकटीनं नाही लागले," ती म्हणाली. "तुझी ओवासेची आजी शेजारी येऊन बसायची. काही बोलायची नाही. मी एक घास घेतला की तीही एक घ्यायची. मी थांबले की तीही थांबायची. कधी कधी दुपार जायची त्यात. मला तिचा राग यायचा."

सायोनं मान वर केली नाही. उठून आपल्या खोलीतही गेली नाही. ती म्हणाली की राग तर मलाही येणारच. मिहोको म्हणाली, येऊ दे.